मुतह्हरची जकात

आईच्या ओट्यावरचं खोकं बघून अरवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिरवी दोरी आणि तिला दुहेरी गाठ. ही गाठ तिनेच परवा मशिदीच्या तळघरात मारली होती. जकातीच्या, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेल्या दानाच्या पैशातून आलेलं तांदूळ, पीठ, तूप बायका तिथे गोरगरिबांसाठी बांधत होत्या. आणि इकडे आई कौतुकाने सांगत होती, की मुतह्हर रमजानात न चुकता सामान धाडतो, लेक असावा तर असा. अर्धं तूप तिने लेकाचं नाव सांगून खालच्या मजल्यावरच्या विधवेला देऊनही टाकलं होतं.

अरवा तडक उठली. गाडी काढून थेट डिक्स रस्त्यावरच्या भावाच्या पेट्रोल पंपावर गेली. असे पंप त्याचे तीन आहेत.

मुतह्हरने नाकारलं नाही. उलट साळसूदपणे सांगितलं, की मशिदीला जकात तोच देतो आणि मागच्या गल्लीतल्या एका म्हातारीचं भाडं नि सामान बघा, हेही त्यानेच कमिटीला सुचवलं. कमिटीला संशय कसा यावा? आम्हा अरबांत बाई लग्नानंतरही बापाचंच नाव लावते. ती म्हातारी त्याची आई आहे, हे नावावरून कळायची सोय नाही.

"जकात आधी नात्यातल्यांना द्यावी, असंच शिकलोय ना आपण?" तो म्हणाला.

"भावाला दे, मावशीला दे. आईला नाही. आईला पोसणं तुझ्यावर बंधनच आहे, ते स्वतःच्या खिशातून करायचं. गरिबाच्या तोंडचा घास काढून तू आईच्या ताटात वाढलास, आणि वर चांगला मुलगा म्हणून मिरवतोस. लाज कशी वाटली नाही रे?"

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात, ते हेच. फरक एवढाच, की या बहाद्दराने हलवाई म्हणून देवालाच धरलं होतं.

मग तो गयावया करू लागला. आईला सांगू नकोस, ती खचेल, म्हणाला. ही काळजी त्याला इतकी वर्षं सुचली नव्हती. अरवाने बजावलं, की आज रोजा सोडायला घरी ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग, नाहीतर मी सांगेन.

तो आला. ताटं मांडली होती, मेथी घातलेला रस्सा वाफाळत होता. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं.  आईने अरवाला एवढंच विचारलं, की खालच्या बाईला मशिदीतून काही मिळालं का. अरवाला खरं सांगावंच लागलं: यंदा सामान पुरलं नाही म्हणून तिला परत पाठवलं होतं.

अजान झाली. आईने हातातला खजूर ताटात परत ठेवला.

"मुलाची जकात आईला चालत नाही. असंच ना?"

"हो, पण यम्मा... आई..." मुतह्हर म्हणाला.

"मग मला मुलगा नाही. झाली तुझी जकात बरोबर. ऊठ."

मुतह्हर जागचा हलेना. तेव्हा तिने त्याच्यासमोरचं ताट उचललं, त्यावर आपलंही रिकामं केलं आणि खाली नेऊन द्यायला अरवाच्या हातात दिलं.