नवाबची पाळी

"सर, याचं आणि घोरपडीचं लग्न जमतं का?"

जनावरांच्या दवाखान्याच्या दाराआडून रुद्राणीच्या मैत्रिणी, ऋतुजा आणि वर्षाराणी, फिसकन हसल्या. पैजच लागली होती तशी: डॉक्टरांच्या तोंडावर विचारायचं आणि आपण हसायचं नाही. रुद्राणी हसली नाही. नववीपर्यंत हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज घशात अडकायचा, ती पोरगी दहावीत आल्यापासून कुणालाही काहीही विचारत सुटली होती.

डॉक्टर वीरण्णांनी टेबलावरच्या हिरव्या इग्वानाला, नवाबला, पोटाखाली हात घालून उचललं आणि कमरेची हाडं चाचपली.

"लग्नाचं मागून बघू. नवरदेव जेवून का न्हाई राहिले, ते सांग आधी."

"सोमवारी नुसता डोळे मिटून बसतो, सर. मंगळवारी जास्वंद दिली की जीभ लावून बघतो. बुधवार-गुरुवारी शेवग्याचा पाला खातो थोडा. शनिवार आला की परत बंद."

"कूलरसमोर ठेवलं होतं काय?"

"पहिल्यांदा ठेवलं होतं. पाहुणा आला म्हणल्यावर..."

इकडं नांदेडला आईनं ठेवलं होतं आणि तिकडं लातूरला बाबांनी. एकमेकांना न विचारता दोघांनी एकच चूक केली, याचा रुद्राणीला तेव्हा केवढा आनंद झाला होता.

"आता गरम दिवा लावतो, सर. दोन्हीकडं."

डॉक्टरांचा हात थांबला. "दोन्हीकडं म्हंजे?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. आईबाबा वेगळे झाले तेव्हा चाकूरहून किशनराव आजोबा आले होते. भांडीकुंडी, कपाटं, सगळ्याची वाटणी त्यांनी शांतपणे लावून दिली. पोरीपाशी आल्यावर मात्र त्यांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "जमीन वाटता येती, विहीर वाटता येत न्हाई. विहिरीची पाळी लावायची असती." त्यांच्या विहिरीवर चार भावांची पाळी पिढ्यान्‌पिढ्या चालली होती, कधी तंटा नाही. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. सोमवार ते शुक्रवार रुद्राणी आईची, शनिवार-रविवार बाबांची. ती दप्तर पाठीला लावून एकटी बसनं जायची, एकटी यायची.

तिनं डॉक्टरांना सांगितलं नाही ते एवढंच, की इग्वानाचा हट्ट तिनं का धरला. वाढदिवसाला हवा, दोघांनी मिळून घेतलेला हवा, आणि त्याचीही पाळी लावायची. काचेची पेटी, पाल्याची पिशवी हे सगळं एकट्या पोरीला एसटीत झेपणार थोडंच. म्हणून शनिवारी आई तिला घेऊन अर्ध्या वाटेवरच्या अहमदपूरपर्यंत येऊ लागली आणि बाबा लातूरहून गाडी घेऊन. रविवारी उलटं. स्टँडसमोरच्या हॉटेलात तिघं बसायची, मधल्या खुर्चीवर नवाब. पहिल्या शनिवारी दोघं फक्त पाल्याविषयी बोलली. नंतर भावकीतल्या एका लग्नाविषयी. मागच्या शनिवारी आईनं नवाबच्या बसण्याची नक्कल केली आणि बाबा हसले. तेवढ्या हसण्यावर रुद्राणीनं अख्खा आठवडा काढला होता.

"बेटा, पाळी माणसाला कळती," डॉक्टर म्हणाले. "याला वाटतं, आपल्याला कुणीतरी धरून नेलं. जरा सावरतो, दोन घास खातो, तोवर तुम्ही परत उचलता. एक घर धर याच्यासाठी. न्हाई धरलंस तर हा जगत न्हाई."

"कोणतं घर, सर?"

"ते मी कसं सांगू?"

बाहेर येताच वर्षाराणीनं बाही ओढली. "काय म्हणले गं?"

"म्हणले, घोरपडीच्या घरचे हुंडा मागतेत."

दोघी पोट धरून हसल्या. रुद्राणीही हसली आणि पेटीवरचं फडकं उगाच नीट करत राहिली.

शनिवारी अहमदपूरला तिनं डॉक्टरांचं म्हणणं सांगून टाकलं. भज्यांची प्लेट तशीच राहिली.

"तुमच्याकडंच राहू द्या त्याला," आई म्हणाली. "तुमच्या गच्चीवर ऊन चांगलं येतं."

"छे, नांदेडलाच ठेवा तुम्ही. पोरीला करमायचं न्हाई त्याच्याशिवाय."

"तिचं काय, शनिवारी येतेच की."

"तरी पण. तुमचा लळा लागलाय त्याला."

बाबा आईला 'तुम्ही' म्हणायला लागले होते. पंगतीत शेवटचा लाडू एकमेकांच्या ताटात सरकवणाऱ्या पाहुण्यांसारखी दोघं बोलत होती. पूर्वी पाण्याची मोटार कुणी बंद करायची यावरून ही माणसं गल्ली डोक्यावर घ्यायची. रुद्राणी भज्याचं पीठ नखानं सोलत बसली. त्या भांडणांच्या वेळी ती कानावर उशी दाबून घ्यायची. आता दोघांपैकी कुणीतरी आवाज चढवावा म्हणून ती वाट पाहत होती.

"हे बघा तरी," म्हणत बाबांनी मोबाईल पुढं केला. जुन्या कपाटाची दारं काढून त्यांनी नवाबसाठी उंच पिंजरा केला होता, आत पेरूच्या फांद्या बांधल्या होत्या. आई वाकून बघत म्हणाली, "छान केलंय." फोटोच्या कडेला ओट्यावर एक ताट पालथं घातलेलं होतं. एकच.

रुद्राणीनं फडकं वर केलं. नवाबचा हिरवा रंग मातकट झाला होता. तिनं शेवग्याची डहाळी त्याच्या तोंडाशी धरली. त्यानं डोळा उघडला, पाल्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटला. डहाळी तिनं बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"आणखी एक डॉक्टर बघू का?" बाबांनी विचारलं. "लातूरला आहे म्हणतात एक."

"नको."

ती उठली. पेटी दोन्ही हातांनी उचलून तिनं बाबांच्या बाजूला, त्यांच्या गाडीच्या किल्लीशेजारी ठेवली.

"नवाब लातूरला राहील," ती म्हणाली. आवाज घशात अडकला. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा बोलली. "कायमचा. आईकडचा दिवा मी पुढच्या खेपेला आणते. शनिवारची मी येत जाईन, पहिल्यासारखी, एकटी, बसनं."

तिनं दप्तर पाठीला लावलं.

"तुम्ही दोघांनी आता अहमदपूरला यायचं काम न्हाई."