प्रबंधाचं बारसं

संध्याकाळी सहापर्यंत प्रबंध पाठवायचा होता आणि अक्षयाचा लॅपटॉप सुरू होताच विझत होता. आगाशीच्या बागायतींतल्या वेलची केळीची पाच वर्षांची मोजमापं त्यात होती. दुसरीकडे कुठेच नव्हती. तुळिंजच्या दुरुस्तीवाल्याने आतला कुठलातरी जोड सैल झालाय म्हणून आठ दिवस ठेवायला सांगितलं. उघडा लॅपटॉप हातात हिंदकळवत ती रागाने घरात शिरली, तेव्हा तो चालू झाला. टेबलावर ठेवला, विझला. हलवला, पेटला.

तिच्या वडिलांनी, दिनानाथांनी, फार विचार केला नाही. माळ्यावरून तिचाच पाळणा काढला, कडीला टांगला आणि लॅपटॉप दुपट्यावर निजवून झोके द्यायला लागले. स्क्रीन उजळलेली राहिली.

पाळण्याची कुरकुर आळीत गेली. थोड्या वेळात शेजारच्या भागूबाई पातेलंभर घुगऱ्या आणि चार बायका घेऊन हजर. सोबत अक्षयाची आत्या, नर्मदा. मूल कुणाचं, हे कोणी विचारलं नाही. घरात बिनलग्नाची मुलगी असताना विचारतही नाहीत. सगळ्यांनी पाळण्यात डोकावलं, तर आत लॅपटॉप. पण शिजवलेल्या घुगऱ्या परत कशा न्यायच्या?

"रंगाने दिनानाथभाऊंवर गेलाय," भागूबाई म्हणाल्या.

अक्षयाने हार्ड डिस्कची वायर जोडली. स्क्रीनने नव्या फोल्डरचं नाव विचारलं. ती टाइप करणार तोच आत्याने तिचा हात धरला. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि त्याआधी बाळ पाळण्याखालून-वरून द्यायला हवं.

"आत्या, हलायचं थांबलं तर मेलं ते."

"थांबवतंय कोण? आणि अभद्र बोलू नको."

लॅपटॉप पाळण्याखालून गेला, वरून आला, हातोहात फिरला. नाळ सांभाळा म्हणत दिनानाथ वायर धरून मागोमाग वाकत होते. तो एकदाही विझला नाही. आत्याने त्याचा कान शोधला; हेडफोनचं भोक सापडलं. तिथे ती कुजबुजली आणि मग अक्षयाला म्हणाली, "लिही. प्रणव."

कॉपी सुरू झाली. बायकांनी पाळीपाळीने झोके दिले. खांदे भरून आले तरी पाळणा कोणी सोडला नाही. शेवटची फाइल उतरली आणि स्क्रीन काळी पडली ती कायमची. अक्षयाने हार्ड डिस्क वडिलांच्या कॉम्प्युटरला लावली. सगळी केळी जागेवर होती. तिने फोल्डर होता तसा पाठवून दिला.

मार्गदर्शकांचं उत्तर आलं: ‘प्रणव मिळाला. चौथं प्रकरण अशक्त वाटतं.’

भागूबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. मग घरी गेल्या आणि नाचणीचं सत्त्व घेऊन आल्या.