शकुच्या नावानं

गणपत शकुला भंडाऱ्याकडच्या खेड्यातून जबलपुरात घेऊन आला, तेव्हा तिच्या मायला म्हणाला होता, "सहा महिन्यांचं काम आहे. मीच परत आणून सोडतो." त्याला तीन वर्षं झाली. तिथल्या घमापूर मोहल्ल्यातल्या एका वकिलांच्या घरी शकु पहाटेपासून राबायची. वकिलीणबाई बाहेर निघाल्या की दाराला कुलूप लावूनच जात.

चैत्रातल्या एका दुपारी गणपत ओसरीवर येऊन बसला. शकु आत कैऱ्या किसत होती.

"इथंच अधारताल भागात एका घरी पोरगी पाहिजे," तो बाईंना सांगत होता. "हिचीच बहीण आणतो, नंदा. फक्त शकु मजेत आहे, अशी चिठ्ठी लिहून द्या. माय डोळे झाकून पाठवते."

बाईंनी लिहून दिली. शकुचे हात थांबले. नंदाला अजून बारावं लागलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बायकांनी घर भरलं. शकु पन्हं देऊ लागली, तशा बाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "आमच्या नात्यातली आहे हो, गरिबाघरची."

शकुनं तबक खाली ठेवलं.

"मी नात्यातली नाही जी," ती म्हणाली. "मले कुलपात ठेवतात. आता गणपत माझ्या बहिणीले आणाले गेला."

"डोकं फिरलं पोरीचं!" बाई ओरडल्या.

मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बेबीताई उठल्या. "गाव कोणतं तुझं? चल माझ्यासोबत, तार करू."

"बाई जाऊ देतील?"

"दार तर आज उघडंच आहे."

शकु बेबीताईंकडेच राहिली. गावच्या पाटलाला तार गेली, उत्तर आलं नाही. मग ओळखीच्या हवालदाराला घेऊन दोघी रोज स्टेशनवर, गावाकडून येणाऱ्या गोंदियाच्या गाडीला जाऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी गणपत उतरला. मागे बोचकं पोटाशी धरलेली नंदा. हवालदारानं त्याची मानगूट धरली, तोवर शकुनं बहिणीला मिठीत घेतलं होतं.

"किती वाळली व तू," नंदा म्हणाली. "चिठ्ठीत तर मजेत हाय म्हणे."

"ते मी नोहोतं लिवलं."

शकुनं डोळे पुसले, पदर खोचला आणि समोरून येणाऱ्या हमालाला हाक मारली, "भैया, गोंदिया की गाडी कब छूटेगी?"