छापण्यास हरकत नाही

"काका, ही गोळी रिकाम्या पोटी घेऊन ये म्हणताय. कुठे घेऊन येऊ?"

टाइप करणाऱ्या बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि हसू ओठांत दाबून त्या उभ्या राहिल्या. वेलांटीकाकांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. औषधाच्या खोक्यात घडी घालून टाकतात तसले माहितीपत्रक होते ते. सातव्या ओळीत 'रिकाम्या पोटी घेऊ नये' असायला हवे होते, तिथे 'घेऊन ये' होते. आणि खाली काकांच्याच अक्षरात, सहीसकट: 'तपासले. छापण्यास हरकत नाही.'

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. या छापखान्यात ते एकतीस वर्षे मुद्रितशोधक होते. फार पूर्वी एका वेलांटीसाठी त्यांनी चालू मशीन थांबवायला लावले होते. मालक लालबुंद झाला, पण वेलांटी दुरुस्त झाली, आणि तेव्हापासून काकांचे खरे नाव फक्त पगारपत्रकात उरले.

"मशीनवर गेलं का?"

"गेलं असतं. मी सहज वाचलं म्हणून वाचलो सगळे." बाई खुर्ची ओढून बसल्या. "तब्येत बरी आहे ना? तीन आठवडे बघतेय, तुमचं चित्त थाऱ्यावर नाही. काल माझा चुकलेला अर्धविराम तुम्ही तसाच जाऊ दिलात. मला रात्री झोप नाही."

"आज अर्धा दिवस रजा घेतो म्हणतो."

"घ्या की. डॉक्टरकडे जाऊन या."

"डॉक्टरकडे नाही," काका कागदाकडे बघत म्हणाले. "मालिका बघायचीय."

बाईंना वाटले, आपल्या ऐकण्यात चूक झाली. पण काकांच्या बोलण्यात चूक होत नाही हे साऱ्या छापखान्याला ठाऊक होते. त्यामुळे त्या रजेचा अर्ज आणायला उठल्या.

दुपारी बारा वाजता त्या मालिकेचे तीन नवे भाग येणार होते. तब्बल पाच वर्षांनी. मालिका पोलिसांची होती आणि काळाचीही होती. एका साध्या पोलीस ठाण्यातली इन्स्पेक्टर बाई रेकॉर्डच्या खोलीत जायची, जुनी स्टेशन डायरी उघडायची, एखाद्या तारखेवर तळहात ठेवायची, की थेट त्या दिवसात. नियम मात्र एकच आणि कडक. डायरीत जे लिहिले गेले त्याला हात लावायचा नाही. जे लिहायचे राहून गेले, तेवढ्यातच काय ती ढवळाढवळ करायची. काकांना हा नियम असा पटला होता की जणू तो त्यांनीच घालून दिला असावा. छापून गेले ते गेले; नंतर शुद्धिपत्र लावता येते, मजकूर बदलता येत नाही.

ही मालिका ते एकटे कधीच बघत नसत. लेक आणि ते मिळून बघत, आणि बघत कसले, तपासतच. वीस वर्षांपूर्वीच्या ठाण्यात नव्या घाटाचा पंखा फिरतोय, हे लेकीने पकडले होते. आरोपीच्या डाव्या हाताचे बँडेज पायऱ्या उतरेपर्यंत उजव्या हातावर आले, हे काकांनी. पुढे ती शिकायला वसतिगृहात गेली तेव्हा ठरले, की भाग दोघांनी आपापल्या ठिकाणी बघायचा आणि ज्याला आधी चूक सापडेल त्याने फोन करायचा. परीक्षा असो नाहीतर ताप असो. एरवी बापलेकीचे बोलणे तसे बेताचेच. पण चूक सापडली की पाऊण पाऊण तास.

"हा नियम एक दिवस मोडणार, बाबा," लेक म्हणायची. "नाहीतर ती बाई मागे जातेच कशाला?"

"नियम मोडला की मालिका संपली," काका म्हणायचे.

आणि मग ते पत्र आले.

आले म्हणजे पोस्टाने नव्हे. शिक्षण संपवून ती घरी आली होती. लग्न ठरले होते, हुद्देदार नवरा ठरला होता, आणि तिच्या मनात काहीतरी वेगळे होते. तोंडावर बोलायचा धीर होईना म्हणून तिने चार पानी पत्र लिहून वडिलांच्या ताटाशेजारी ठेवले. काका त्या दिवशी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे अकरा तास काम करून आले होते. लाल पेन खिशालाच होते. हात धुतले, बसले, आणि समोर अक्षरे आली म्हणून पेन उघडले.

तासाभराने लेक ती पाने हातात धरून उभी होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा, समासातल्या रेघा, आणि चौथ्या पानाच्या शेवटी, तिच्या नावाखाली: 'तपासले. छापण्यास हरकत नाही.' तारीख. सही.

"अकरा चुका, बाबा?" ती म्हणाली.

"बारा असतील," काका म्हणाले. "घाईत बघितलं."

आठवड्याच्या आत ती दुसऱ्या शहरात निघून गेली. लग्न मोडले, तेही काकांना बायकोकडून कळले. पाच वर्षे दर रविवारी तिचा फोन येई तो आईला. काका पेपर समोर धरून कान देत. "कशी आहे?" असे विचारले की बायको म्हणे, "बरी आहे." एवढाच निरोप. त्या पत्राबद्दल एक गोष्ट अशी होती की ती काकांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

नवे भाग येणार हे त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी वाचले, आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. मालिकेची चिंता होतीच. पाच वर्षांनी पडद्यावर येणारी माणसे अंगाने सुटतात, थकतात, लिहिणारे बदलतात, आणि बघता बघता सोन्यासारख्या गोष्टीची माती होते. पण खरी चिंता ती नव्हती. तो करार कोणी मोडलेला नव्हता. चूक सापडली की फोन, हे अजून तसेच होते. तिने फोन केला तर? आणि नाही केला तर?

घरी आले तेव्हा बायको वाटाणे सोलत बसली होती. भरदुपारी नवरा दारात बघून तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. मालिका आहे."

"अगंबाई! मुलीच्या बारशाला रजा मिळत नव्हती, आणि आता मालिकेला मिळते." पण ती सरकली आणि तिने पंख्याखालची जागा त्यांना दिली.

पहिला भाग बरा गेला. इन्स्पेक्टर बाई थोडी भरली होती, कानाजवळ पांढरे केस होते, आणि ते तिला शोभत होते. काकांनी गुडघ्यावर वही धरली होती. दुसऱ्या भागात एका दुकानाच्या पाटीवर 'आर्शीवाद' लिहिले होते. काका टुणकन उठले, मग बसले. हा रफार हल्ली खऱ्या पाट्यांवरही चुकीच्याच अक्षरावर चढलेला असतो. ही मालिकेची चूक कशी म्हणायची? एवढ्याशा गोष्टीसाठी फोन केला तर ती म्हणेल, निमित्त शोधताय.

तिसऱ्या भागात बाई रेकॉर्डच्या खोलीत गेली आणि तिने बरोबर ती डायरी काढली. ती कोणती हे जुन्या प्रेक्षकांना लगेच कळले. पहिल्या पर्वात एक म्हातारा हवालदार गस्तीवर मेला होता. त्याला एकट्याला बाईनेच पाठवले होते, आणि डायरीत तसे तिच्याच अक्षरात लिहिलेले होते. बाईने पानावर तळहात ठेवला. ती त्या संध्याकाळी पोहोचली. तिने टेबलावरचे पेन उचलले.

"नाही," काका मोठ्याने म्हणाले. "नाही, नाही. हे नाही चालणार."

बाईने ती ओळ खोडली. वर लिहिले, 'गस्त रद्द.' आणि दार लोटून म्हातारा हवालदार आत आला, टोपी काढून म्हणाला, "मॅडम, चहा सांगू का?"

काका पडद्याकडे बघत उभेच होते. त्यांना संताप आला होता आणि डोळ्यांत पाणीही आले होते, आणि यातले कशामुळे काय, ते त्यांना सुधरत नव्हते.

"अहो, बरं झालं की!" बायको म्हणाली. "बिचारा उठून बसला. आणि तुम्ही मयताला आल्यासारखे काय उभे?"

"असं खोडता येत नाही. लिहिलेलं आहे ते."

"खोडलं की तिने. मी बघितलं."

खोडले. हे तर खरेच. काकांनी भाग मागे नेला, पान पुन्हा पाहिले, थांबवले, चष्मा काढून अगदी पडद्याला नाक लावले. खोडलेली ओळ, वर नवी ओळ. शेजारी कोरी जागा.

सही नव्हती.

खाडाखोड केली की शेजारी सही लागते. ठाण्यात लागते, कचेरीत लागते, छापखान्यात लागते. सही नसेल तर ती दुरुस्ती धरतच नाहीत. ही काही पाटीवरच्या रफारासारखी किरकोळ गोष्ट नव्हती. ही पहिल्या प्रतीची चूक होती, आणि जगात ती कळणारी माणसे दोनच.

काकांनी फोन टेबलावर ठेवला आणि समोर बसले. तिनेही बघितले असेल. तिला सापडली असेल तर फोन तिकडून यायला हवा. पाच मिनिटे गेली, दहा गेली.

"अंड्यावर बसल्यासारखे काय बसलात त्याच्यापुढे?" बायको म्हणाली. "लावा."

त्यांनी लावला. वाजत राहिला आणि बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बायकोने पदराला हात पुसले आणि आपला फोन त्यांच्यापुढे धरला.

"यावरून लावा. हा उचलते ती."

दुसऱ्या घंटीला आवाज आला. "हं आई, काय गं? आज शुक्रवारी कसा?"

"मी आहे," काका म्हणाले.

"आईला काय झालं?"

"काही नाही. समोर बसलीय, वाटाणे सोलतेय." काकांनी वही उघडली. "तिसऱ्या भागात खाडाखोडीपुढे सही नाहीये. नियम मोडला त्यांनी. तू म्हणायचीस तसाच. पण सही नाही केली बाईने. म्हणजे ते धरायचं की नाही, हा प्रश्न येतो."

"कसला तिसरा भाग?"

"मालिकेचा. नवे आले ना आज. बारा वाजता."

"हो का?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हते. "मला माहीतच नव्हतं, बाबा. मी त्या मालिकेचा नाद केव्हाच सोडला."

काकांनी वही मिटली. तीन आठवडे ज्या दारापाशी ते उभे होते, तिथे दार नव्हतेच. आता काय बोलायचे? हवापाणी विचारावे? बायको हाताने खुणावत होती, बोला, बोला. फोन ठेवला तर पुन्हा कोणत्या निमित्ताने लावणार? त्यांना भयंकर भीती वाटली, मालक अंगावर धावून आला तेव्हाही वाटली नव्हती इतकी.

"ऐक," ते म्हणाले. "तुझं ते पत्र. मी वाचलं नव्हतं गं."

"म्हणजे?"

"तपासलं होतं. तपासताना आम्ही मजकूर वाचत नाही. अक्षरं बघतो. अर्थात शिरलं की चुका सुटतात, म्हणून शिरायचंच नाही, अशी सवय लावून घ्यावी लागते. चारी पानं मी तशीच बघितली. मग तू पानं घेऊन गेलीस. तेव्हा सांगायची लाज वाटली, आणि नंतर..." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्यात काय होतं ते मला अजून माहीत नाही. मला ते वाचायचंय."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली.

"फाडलं मी ते, बाबा," लेक म्हणाली. "गाडीत बसायच्या आधीच."

"मग तोंडी सांग. आठवेल तेवढं."

"पाच वर्षं झाली. आता कुठलं..."

"दोन ओळी सांग."

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता, तो बंद झाला. खुर्ची सरकली.

"पहिलं वाक्य आठवतंय," ती म्हणाली. "मला तुमची भीती वाटते, म्हणून लिहून देतेय."

आणि काकांना ती ओळ दिसली. पानाच्या अगदी वर, मायन्याखाली. तिने 'भिती' लिहिले होते, 'भ'ला पहिली वेलांटी देऊन. त्यांनी दुसरी केली होती. खूण अगदी नेटकी होती.

काकांनी भिंतीला हात टेकला आणि ते हळूहळू खाली जमिनीवर बसले.

"बरं," ते म्हणाले. "पुढे काय लिहिलं होतंस?"