घरच्याची भवानी

नमस्कार, नमस्कार! आपल्या वीकेंड बाजारात सर्वांचं स्वागत. मोठ्या दुकानांत तर आपण नेहमीच जातो, आज जरा आपल्या छोट्या विक्रेत्यांना ओळखा. त्यांच्याशी बोला. ज्यांच्या गाड्या क्लब हाउससमोर लागल्या आहेत त्यांनी कृपया

स्पीकर इथं खरखरायचा आणि बंद पडायचा. दर रविवारी. मग गेटवरचा गार्ड ज्योतीराम स्वतः जाऊन गाड्या काढायला लावायचा. तोवर विक्रेते आत शिरलेले असायचे. कुणी टेम्पोतून, कुणी स्कूटीवर पुढंमागं पिशव्या अडकवून. निघोज्याचे अर्जुनराव ताकाचा कॅन घेऊन यायचे, चिंचवडच्या सुमनताई पापड-कुरडया घेऊन. वाकडच्या त्या चौदा मजली इमारतींमधल्या लोकांना उठायला अजून तास असायचा. आणि विक्रेते मांडामांड करून, हात पुसून, गेटकडं बघत बसायचे.

ज्योतीरामकडं.

कारण ज्योतीरामच्या हाताला गुण होता.

हे कसं कळलं ते आधी सांगायला हवं. पहिल्या रविवारी अर्जुनरावांकडं कुणी फिरकेना. ऊन चढत होतं, ताक आंबत होतं. ज्योतीरामला तहान लागली म्हणून त्यानं एक ग्लास घेतला. दिवसाची ती पहिली विक्री, म्हणजे भवानी झाली, आणि अकराच्या आत कॅन रिकामा. पुढच्या रविवारी सुमनताईंनी त्याच्या हातात एक पापड ठेवला, म्हणाल्या, "भाऊ, नुसता चाखू नका. काहीतरी द्या. भवानी करा." त्यानं खिशात होतं ते नाणं दिलं. दुपारी सुमनताईंच्या टोपल्यात नुसता कागद उरला होता.

झालं. त्या दिवसापासून ज्योतीराम म्हणजे बाजाराचा देव.

"ओ पावणं, हिकडं आधी!" अर्जुनराव ओरडायचे. "माझं ताक तुमच्या हाताची वाट बघतंय. ह्या पापडवाल्या बाईचं काय, पापड न्हाई खपले तरी टिकत्यात!"

"टिकतात, पण मी टिकते का?" सुमनताई म्हणायच्या.

कुरुळीच्या कंपनीत ज्योतीरामनं नऊ वर्षं सीटच्या फ्रेमला नट बसवले होते. त्याच्या हाताबद्दल तिथं कुणी एक शब्द बोललं नव्हतं. कंपनीनं ती लाइन दुसऱ्या राज्यात नेली, तेव्हा माणसं नेली नाहीत. मग ही गार्डची नोकरी, एजन्सीमार्फत. तिच्या पगारात कुरुळीची खोली आणि मुलीची, सायलीची शाळा दोन्ही बसेनात. गावाहून, कळंबहून, भावाचा सारखा फोन: वहिनीला आणि पोरीला इकडं पाठव, तू एकटा कॉट बेसिसवर राहा, पोरं राहतात की.

"मी नाही जायची," त्याची बायको जयमाला म्हणाली होती. "एकदा गेलं की परत येणं होत नाही. आपण तिघं हितंच. काहीतरी करू."

ते काहीतरी म्हणजे धपाटे. जयमालाच्या हातचे धपाटे, ठेचा आणि येसर मसाल्याच्या पुड्या. जागा तर समोरच होती, हा वीकेंड बाजार. पण बाजाराच्या फलकावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: सोसायटीच्या कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना स्टॉल मिळणार नाही.

तेव्हा ज्योतीरामनं ठरवलं की आपण एकमेकांना ओळखत नाही.

•

जयमालानं माहेरच्या आडनावानं अर्ज भरला. बाजार चालवणाऱ्या दिव्या मॅडमना धपाटे फार आवडले. शेवटून दुसरा स्टॉल मिळाला. आदल्या रात्री तिनं नवऱ्याला विचारलं, "आणि माझी भवानी कोण करणार?"

ज्योतीरामला आईचं बोलणं आठवलं. त्याची आई कळंबच्या बाजारात भाजी विकायची. ती सांगायची, घरच्याची भवानी लागत नाही. घरचा पैसा घरात फिरला, त्याला बरकत कुठली? म्हणजे सगळ्या जगाला चालणारा हात एका आपल्याच घराला चालायचा नाही. त्यानं यावर बराच वेळ डोकं चालवलं.

"पण घरचा आहे हे कुणाला माहीत असणार?" तो शेवटी म्हणाला. "मी तुला ताई म्हणणार. नशिबाला कोण सांगायला जातंय?"

"मला ताई म्हणणार?"

"तेवढंच. तोंडानं."

जयमाला हसली नाही. त्यानं मात्र ते मनावर घेतलं नाही.

सकाळी तो गणवेशात तिच्यासमोर उभा राहिला. "ताई, काय भाव?"

तिनं भाव सांगितला. त्यानं एक धपाटा घेतला, नोट दिली. तिनं ती कपाळाला लावली, रीतीप्रमाणे. सगळ्यांनी पाहिलं. अर्जुनराव म्हणाले, "आज नव्या बाईचं नशीब उघडलं बगा."

उघडलं नाही. दुपारपर्यंत डबा अर्धा भरलेला. पुढच्या रविवारी तसंच. ज्योतीरामला वाटलं, आपण नीट म्हणत नाही. मनात बायको आणि तोंडात ताई, असं नशीब फसत नसतं. मग तो मनातही म्हणू लागला. कुरुळीच्या खोलीत चहा पिताना, सायलीची वेणी घालणाऱ्या जयमालाकडं बघत, मनातल्या मनात: ताई. ताई. ताई. सवय व्हावी म्हणून. रविवारी सोसायटीत तो सुमनताईंना टाळून, अर्जुनरावांना टाळून, आधी तिच्याकडं जाऊ लागला. गुण सगळा तिकडं जावा. वाटला जाऊ नये.

"आमी काय पाप केलं व्हय?" अर्जुनराव म्हणाले. आता थट्टेनं नाही.

सुमनताई नुसत्या बघू लागल्या.

चौथ्या रविवारी त्यांना दिसलं. जयमाला तव्यावर वाकली होती. गालावर पीठ लागलं होतं. ज्योतीराम समोर उभा होता, "ताई, एक द्या" म्हणत. आणि म्हणता म्हणता त्याचा अंगठा गेला, तिच्या गालावरचं पीठ पुसून परत आला. संसाराला बारा वर्षं झालेल्या माणसाचा अंगठा. त्याला विचारलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की आपण काही केलं नाही.

•

सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ:

गार्डने धपाटेवाल्या बाईंच्या गालाला हात लावला. मी गॅलरीतून स्वतः पाहिलं.

कोणता गार्ड??

मेन गेटचा. दर रविवारी तिथेच घुटमळत असतो.

बाई पण काही बोलली नाही म्हणे.

म्हणजे संमतीने चाललंय का? मग दोघांनाही काढा. इथे लहान मुलं असतात.

एक मिनिट. आधी त्या बाईंना विचारा तरी. गरीब बाई घाबरून गप्प बसलेली असू शकते. — दिव्या

सेक्रेटरींनी कळवले आहे: बाईंची तक्रार असेल तर गार्डला आत्ता काढू. तक्रार नसेल तर दोघेही बाहेर.

•

दिव्या मॅडम आली तेव्हा तिच्याबरोबर एजन्सीचा सुपरवायझर सयाजी होता. त्यानं ज्योतीरामला गेटवरून बोलावून आणलं आणि स्टॉलपासून चार हातांवर उभं केलं. लोक जमले. सुमनताई पापडांवर फडकं टाकून आल्या.

दिव्या सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. चांगली मुलगी. नावं ठेवायला जागा नाही. ती जयमालापाशी उकिडवी बसली, तिचा पिठानं भरलेला हात स्वतःच्या हातात घेतला, आणि ग्रुपवर काय ठरलंय ते सगळं हळू आवाजात सांगितलं. मग म्हणाली, "ताई, अजिबात घाबरू नका. मी आहे. हा माणूस तुम्हाला त्रास देतो का?"

आणि स्पीकर:

आजचा लकी ड्रॉ थोड्याच वेळात! कुपन भरलं नसेल त्यांनी लवकर

ज्योतीराम जयमालाकडं बघत होता. खरं सांगितलं, तर अर्जात लबाडी केली म्हणून स्टॉल जातो आणि नोकरीही जाते. त्रास नाही म्हणाली, तरी दोन्ही जातं. हो म्हणाली तर नुसती नोकरी जाते, स्टॉल राहतो. शाळेत गणित कच्चं असलेल्या माणसालाही उमजावं इतकं ते सोपं होतं. त्यानं डोळ्यांनी तिला सांगितलं, हो म्हण. मान किंचित हलवली. हो म्हण गं.

"हो," जयमाला म्हणाली. "देतात त्रास."

ज्योतीरामनं श्वास सोडला. शहाणी बाई.

"कधीपासून?" दिव्यानं विचारलं.

इथं पुरे होतं. इथं तिनं पदर तोंडाला लावला असता तरी भागलं असतं. पण जयमाला तव्याकडं बघत होती आणि तव्यावरचा धपाटा काळा पडत चालला होता, तो तिनं उलटला नाही.

"लई दिवस झाले."

"काय करतो तो?"

"काही विचारत नाहीत. सगळं आपल्या मनानंच. कुठं जायचं, काय करायचं, कसं बोलायचं, सगळं ठरवून मोकळे. मी हो म्हणायचं." ती थांबली. "ह्यांना वाटतं ह्यांच्या हाताला गुण आहे."

कुणीतरी हसलं. सयाजीनं ज्योतीरामच्या दंडाला धरलं.

"आणि मला ताई म्हणतात," जयमाला म्हणाली. आता तिचा आवाज फुटला होता. "नुसतं तोंडानं म्हणणार म्हणाले होते. पण हे मनातून म्हणायला लागले. मला कळतंय. बाईला कळतं. मला नाही सहन होत."

"बघा!" दिव्या उठून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "ताई म्हणायचं आणि असं वागायचं!"

ज्योतीरामला काहीतरी बोलायचं होतं. ते असं होतं की

"चल," सयाजी म्हणाला. "टोपी दे. शिट्टी दे. भावा, तुला दुसऱ्या कुठल्या साइटवर टाकायचं म्हणलं तरी आता कोण घेईल?"

अर्जुनराव मध्ये पडले. "अवो, जरा दमानं. माणूस वाईट न्हाई हा."

"तुमच्या सुनेच्या गालाला हात लावला असता म्हणजे कळलं असतं," सुमनताई म्हणाल्या.

अर्जुनराव ताकाकडं परत गेले.

•

मग धपाटे खपले.

ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला: ह्या त्या ताई, कृपया त्यांच्याकडून नक्की घ्या. चौदाव्या मजल्यावरूनसुद्धा लोक उतरले. रांग लागली. नुसता ठेचा नेला, नुसतं येसर नेलं. एका आजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. करपलेले दोनही कुणीतरी मागून नेले. दिव्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की ताईंचा स्टॉल वर्षभर पक्का, भाडं नाही, आणि तो माणूस ह्या रस्त्याला फिरकणार नाही ही जबाबदारी माझी.

ज्योतीराम हे रस्त्यापलीकडून, टपरीच्या आडोशानं बघत होता. गणवेशाची पँट तशीच, वर टपरीवाल्याचा जुना शर्ट. त्यानं रांग बघितली आणि क्षणभर, खरंच क्षणभर, त्याला बरं वाटलं. आपण तिघं आता इथंच राहू. पोरगी शाळेत जाईल. मग लक्षात आलं, वर्षभर जयमाला दर रविवारी इथं येणार, आणि तिला सामान उचलायला मदत करायची म्हटली तर त्याला ह्या रस्त्यावर उभं राहता येणार नाही. कुरुळीचा कुणी शेजारी बाजाराला आला, हे नवरा-बायको एकाच खोलीत राहतात असं बोलून गेला, तर? मग खोलीही वेगळी लागणार. भाऊ म्हणत होता तसंच. कॉटवर. फक्त तो गावी जायचा की ती, एवढंच ठरायचं राहिलं होतं. आणि हे कुणी ठरवायचं, हे आता त्याला विचारायचीही हिंमत नव्हती.

बस स्टॉपवर दिव्या तिला सोडायला आली. रिकामे डबे तिनं स्वतः उचलले होते. ज्योतीराम स्टॉपवर आधीच उभा होता. कुरुळीला जायला भोसरीची बस त्याचीही तीच होती. दिव्यानं त्याला पाहिलं आणि ती जयमालाच्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. एखाद्या भिंतीसारखी.

बस आली. "ताईंना नीट उतरवा हं," दिव्यानं कंडक्टरला सांगितलं. जयमाला खिडकीशी बसली. ज्योतीराम दाराकडं दोन पावलं सरकला.

"काका," दिव्या म्हणाली. तेवढंच.

तो थांबला. बस सुटली. खिडकीतून जयमालानं त्याच्याकडं बघितलं, म्हणजे स्टॉपकडं बघितलं, टपरीकडं, त्याच्याकडं, पुढच्या खांबाकडं. सगळ्याकडं सारखंच.

दिव्या बराच वेळ उभी राहिली आणि मग गेली. ज्योतीरामनं फोन लावला. वाजत राहिला. उचलला गेला. मागं बसचा खडखडाट.

"जयमाला," तो म्हणाला.

"कोण?"

"अगं मी. बसमध्ये बोलता येत नसेल तर नुसतं हूं म्हण."

"राँग नंबर आहे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

शेजारी सुमनताई बसल्या असतील, त्यानं स्वतःला सांगितलं. असणारच. त्यांच्यासमोर ती काय बोलणार? हुशार आहे, सांभाळून घेतलं तिनं. घरी गेल्यावर म्हणेल, अहो, ती बाई शेजारीच होती. असंच असणार. दुसरं काय असणार?

पण सुमनताईंना चिंचवडला जायचं असतं. दुपारी टपरीमागून त्यानं स्वतःच त्यांना टोपल्यांसकट रिक्षात बसून जाताना पाहिलं होतं.

भोसरीची पुढची बस आली. त्याच्यासमोरच थांबली. दार उघडलं.

"ओ काका," कंडक्टर म्हणाला, "यायचंय का नाही?"

ज्योतीरामला सांगता आलं नाही.