तीन पावलं पुढं आलेलं बुजगावणं

थांबा की जरा! इकडंतिकडं काय बगायलाव? मीच बोलायलोय, पालमजवळच्या किशनरावाच्या जवारीतलं बुजगावणं. पाच वरीस गप व्हतो, कारण मला तोंडच न्हाई.

त्याचं असं झालं. किशनरावानं दोन बांबू आडवेउभे बांधले, सोताचा फाटका सदरा घातला, वर मडकं पालथं टाकलं अन् चुन्यानं डोळे काढायला बसला. एक डोळा बशीएवढा झाला, एक बटणाएवढा. तोंड काढायच्या वक्ताला उरलेला चुना त्यानं तंबाखूत मळून खाल्ला. असा माझा जलम.

माझं काम एकच, पाखरांना भेवडायचं. पर पाखरू काय येडं असतंय का? दोन दिवस एका जागी हुबं राह्यलं की तिसऱ्या दिवशी चिमणी डोक्यावर बसून घाण करती. म्हून किशनरावाची बायको कस्तुराबाई रोज दुपारी, भाकर खाल्ली की, मला उपटती अन् तीन पावलं सरकवून पुन्यांदा रोवती. कधी शेताच्या कडंला धुऱ्याकडं, कधी हिरीकडं. आमच्या भागात हे समद्यांना ठावं हाय. ठावं नव्हतं ते एकट्या जावयाला.

जावई म्हंजे हरिओम. परभणीत मोबाईलच्या कव्हरचं दुकान. किशनरावाची लेक राजेश्री हिला घिऊन चार दिवस हुरडा खायाला आला. सासरा म्हणला, "पाव्हणं, बसा माळ्यावर, पाखरं राखा." हा चार खांबाच्या माळ्यावर चढला, कानात वायरीची बोंडं घातली अन् मोबाईलवर पिच्चर लावला. चिमण्या कणसं खायल्या, ह्याला पत्ताच न्हाई.

दुपारी समदे जेवायला बसले तवा त्यानं मोबाईल पुढं केला. त्यात एकजण दुसऱ्याची आतडी काढून दोरीवाणी गुंडाळायला व्हता.

"मामी, बगा. लय भेवाचा पिच्चर हाय."

कस्तुराबाईनं पदर तोंडाला लावला. "भेव कुठलं, जावईबापू? किळस आली मला."

राजेश्री म्हणली, "ह्याच्यानं जेवण जात न्हाई. झोप कुठं उडती?"

किशनराव ठेचा चाटत म्हणला, "बोकड कापल्यावर एवढंच दिसतं. तिथं आमी वाटा घ्यायला रांगेत बसतो."

जावयाला झोंबलं. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग त्यानं आणला, माझ्या सदऱ्यावर वतला, मडक्यावरून वघळ सोडले, माझा एक हात मोडून सुतळीनं लोंबता ठेवला. मंग मोबाईलवरचा पिच्चर माझ्या मोठ्या डोळ्यापुढं धरून म्हणला, "बग रे, असं भेवडायचं असतंय!"

मी बगितलं. पापणी असती तर किळसनं मिटली असती. भेव मातर वाटलं न्हाई.

अन् पाखरं? चिमण्या त्या लोंबत्या हातावर झोके घ्यायल्या. धुऱ्यावर गवत कापायला आलेली दगडाबाई तेवढी "वंगाळ दिसायलं, माय," म्हणली अन् माझ्याकडं पाठ करून भाकर खायाला बसली. भिली न्हाई, पळली न्हाई. नुसतं तोंड वाकडं केलं.

हरिओम चिडला. "मामा, हे कामाचंच न्हाई. ऐतवारी हुरड्याच्या आगटीत घाला. मी परभणीहून पाखरं पळवायची चमकपट्टी धाडतो."

आता जावयाचा शब्द! किशनरावानं मान खाली घातली. "बरं."

माझ्या बांबूतून कळ निघाली. पाच वरीस हुबं राहून राखलेली कणसं भाजायची, अन् खाली जळायचं मीच?

शनवारी दुपारी कस्तुराबाई आली. ओल्या फडक्यानं माझं रगत पुसलं, हात सरळ बांधला. माळा नऊ पावलांवर, अन् जावई पिच्चरात मुंडकं घालून. तिनं मला उपटलं, माळ्याकडं तीन पावलं सरकवून रोवलं अन् खाली बसली. जवारी डोक्याच्या वर. ती कुणाला दिसायची?

हरिओमनं मान वर केली. मला बगितलं. पुन्यांदा मान खाली. कस्तुराबाईनं मला आजून तीन पावलं सरकवलं. रोज एकदाच सरकवती बरं का! त्या दिवशी बाईच्या हाताला काय खाज सुटली कुणास ठावं.

त्यानं वर बगितलं. कानातलं एक बोंड काढलं. मंग दुसरं बी काढलं. ना रगत, ना आरडाओरडा. नुसती सळसळणारी जवारी अन् मी. घाम पुसायला त्यानं दस्ती तोंडावर घेतली. दस्ती काढली तवा मी माळ्याच्या पायाशी, बशीएवढा डोळा वर करून.

वरडला बी न्हाई गडी. मागच्या अंगानं उडीच टाकली. चप्पल माळ्यावर, मोबाईल जवारीत. मोबाईलमदी कुणाचं तरी मुंडकं उडायलं व्हतं, बगायला कुणी नव्हतं.

किशनराव शेतातल्या बैलांच्या कोठ्यापुढं बसला व्हता. "मामा, ते यायलंय!"

"कोण?"

"बुजगावणं!"

किशनरावानं तंबाखू मळत इचारलं, "रगत गळत व्हतं का?"

"न्हाई."

"हात तुटला व्हता?"

"न्हाई हो, चांगला व्हता!"

"मंग केलं काय त्यानं?"

"काहीच केलं न्हाई, मामा! नुसतं जवळ आलं!"

राजेश्री हसू दाबायला कोठ्यात पळाली. कस्तुराबाईनं तांब्याभर पाणी दिलं. "उन्हानं चक्कर आली असंल, जावईबापू." तिच्या हाताला माती तशीच.

ऐतवारी आगटी पेटली. किशनराव उठला. "आणतो त्याला. तुमीच म्हणला व्हता."

"नको, मामा. असू द्या. म्हातारं हाय." हरिओम आगटीमागं सरकला. "निस्तं तोंड तिकडं करा."

तोंड तिकडं केलं. तरी गडी हुरड्याचा एक घास खायचा अन् एकदा माझ्याकडं बगायचा.

आता जवारी निघाली. मी कोठ्याच्या भिताडाला टेकून हाय. सदरा इरलाय, लाल डाग काय जात न्हाई. परभणीहून दर आठवड्याला फोन येतो. बाकीची खुशाली मागून, आदी हेच, "मामी, ते कुठं हाय?"

"हाय की तिथंच," कस्तुराबाई म्हणती. मंग हळूच जोडती. "सकाळी तरी तिथंच व्हतं."

माझं मागणं एवढंच, मला रंग लावू नका. हाय तसं राहू द्या. तुमी जावा आता, तुमची यष्टी चुकंल. मागं वळून बगू नका. बगितलंच, तर पावलं मोजून घ्या.