चमकणारीच लावा

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. जुनी हे मुद्दाम सांगते, कारण माझ्याकडे पाहून तुम्हाला ते खरं वाटणार नाही. दोनच दारं, दोनच आसनं, आणि जमिनीला इतकी लगटून की माझ्यात बसणाऱ्याला आधी नीट वाकावं लागतं आणि उतरताना हमखास 'आई गं' म्हणावं लागतं. रंग निळा. सूर्य बुडाल्यावर आकाशात थोडा वेळ रेंगाळतो ना, तसला निळा.

कारखान्यात माझा पत्रा कसा घडवला, ते मला फारसं आठवत नाही. रंगाच्या भट्टीची ऊब मात्र आठवते. रंगावर रंग चढले, वर काचेसारखा पारदर्शक थर बसला, आणि मी बाहेर आले तेव्हा माझ्यात छताचे दिवे रांगेने दिसत होते. मला वाटलं, आता आपलं काम एकच, पळायचं.

मला घरी नेलं ते दातांच्या डॉक्टरांनी. कॉलेजात असल्यापासून ते माझ्यासारख्या गाडीचं स्वप्न पाहत होते, आणि ते खरं होईपर्यंत त्यांच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. शोरूममध्ये ते माझ्यात बसले आणि स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले. विक्रेता बिचारा माझी माहिती सांगत उभा होता. त्यांनी ती ऐकली असेल असं मला वाटत नाही.

मग आमचे सुखाचे दिवस सुरू झाले. सुट्टीच्या दिवशी पहाटे आम्ही डोंगराच्या रस्त्याला लागायचो. कुठल्या वळणावर किती वेग सोडायचा, कुठे मला मोकळं सोडायचं, हे त्यांच्या हातांना न सांगता कळायचं. सिग्नलला थांबलो की शेजारच्या बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघायची. घरी आल्यावर डॉक्टर मऊ कापडाने मला पुसायचे, आणि पुढची जाळी दात घासायच्या ब्रशने साफ करायचे.

"पेशंटपेक्षा हिचेच दात जास्त घासता तुम्ही," त्यांच्या पत्नी म्हणायच्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना 'बाई' म्हणे. मीही तेच म्हणते.

बाईंना माझं कौतुक होतं, पण त्यांना नुसतं शेजारी बसायचं नव्हतं. त्या स्वतःची छोटी गाडी रोज शाळेत, बाजारात नेत. एका सकाळी त्यांनी माझी किल्ली उचलली. डॉक्टर नको म्हणाले नाहीत. मागे घेताना माझी लांबी त्यांच्या अंदाजाबाहेर गेली आणि माझी कूस फाटकाच्या खांबाला खरवडली. दारापासून मागच्या चाकापर्यंत लांबलचक चरा उमटला.

डॉक्टर धावत आले. बाईंकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्या चऱ्यावर हात ठेवून ते ओरडले, "ही काय तुझी बाजाराची गाडी वाटली का?"

बाई उतरल्या. किल्ली टपावर ठेवली आणि आत गेल्या. आठवड्याभरात माझा चरा भरला, रंग जुळला, कुणाला शोधूनही सापडला नसता. पण बाई पुन्हा कधी माझ्या स्टिअरिंगपाशी बसल्या नाहीत. शेजारी बसत, पण हात मांडीवर घट्ट ठेवून.

वर्षं गेली. एक दिवस डोंगराच्या त्याच रस्त्यावर डॉक्टरांनी मला अचानक कडेला घेतलं. समोरून सायकलवाला घंटी वाजवत, शिव्या देत निघून गेला होता. तो त्यांना दिसलाच नव्हता. घरी येईपर्यंत ते मला इतक्या हळू चालवत होते की मागच्या गाड्यांनी कान किटवले. त्यानंतर त्यांनी मला चालवलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग विरत चालला आहे, कडेचं तेवढं राहील. दवाखाना दुसऱ्याच्या हाती गेला. माझ्यावर करडी खोळ चढली.

मित्रांनो, उभं राहणं काय असतं हे पळणाऱ्यालाच ठाऊक. माझी बॅटरी उतरली. टायर एकाच जागी दबून बसले. बाहेर रस्त्यावरून एखादी गाडी गिअर बदलत गेली की माझा जीव तिच्यामागे जायचा. रोज संध्याकाळी डॉक्टर खाली यायचे, चाचपडत खोळीचं टोक वर करायचे आणि माझ्यात बसायचे. किल्ली लावायची नाही, काही नाही. नुसतं स्टिअरिंग धरून बसायचे. आम्हा दोघांनाही तोच डोंगर दिसत असायचा, असं मला वाटतं.

"विकून टाकू या का?" बाईंनी एकदा हलकेच विचारलं.

"नाही. तिला फिल्म लावून घेऊ या. सगळ्या अंगाला."

"अहो, जी जागची हलत नाही तिला फिल्म कशाला?"

डॉक्टर जिना चढून वर गेले.

फिल्म म्हणजे रंगाचं रक्षण करणारं पारदर्शक आवरण. ते लावणारं दुकान गावाच्या टोकाला होतं. तिथला माणूस येऊन मला ट्रकवर चढवून घेऊन गेला, आणि हे दोघं टॅक्सीने मागून आले. दुकानाच्या मालकीणबाई बाह्या दुमडून तयार होत्या. त्यांनी टेबलावर फिल्म लावलेले निळ्या पत्र्याचे नमुने मांडले.

"घरातच उभी असते ना? मग बॉनेट, बंपर आणि आरसे, एवढ्याला लावलं तरी पुष्कळ झालं," त्या म्हणाल्या. "खडे उडतात ते पुढूनच."

"बाजूंना आधी लावा," डॉक्टर म्हणाले. "आणि मला सांगा, भिंतीला घासली तर काय होईल?"

"बारीक ओरखडा असेल तर गरम पाणी ओतायचं, आपोआप भरून येतो. जोरात घासली तर फिल्म फाटेल, पण आतला रंग बहुतेक वाचेल. तेवढा तुकडा बदलून देऊ."

"मागे घेताना खांबाला लागली तर?"

"अहो, पण गाडी चालवणार कोण आहे?" बाई मध्येच म्हणाल्या.

"तू."

बाईंचा चेहरा लाल झाला.

"मला विचारलंत? इतकी वर्षं किल्लीला हात लावला नाही मी. आणि आता तुम्हाला दिसत नाही म्हणून मी तुमची ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर नाही गं. तुला ओरखड्याची भीती वाटते, म्हणून—"

"ओरखड्याची कोण भितंय! फिल्म तेव्हा तुमच्या जिभेला लावायला हवी होती."

मालकीणबाईंना फस्सकन हसू आलं. त्यांनी पटकन तोंड फिरवलं आणि उगाच कापडाच्या घड्या घालू लागल्या.

डॉक्टर टेबलाची कड धरून उभे होते. "हवी होती," ते म्हणाले. "गाडीचा रंग आठवड्यात परत आला. तू काही परत आली नाहीस. मला तेव्हाच कळलं होतं, पण बोललो नाही."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी धुळीने माखलेली, एका बाजूला कललेली. मग त्यांनी पर्स टेबलावर ठेवली.

"चालवायची मी, तर निवडायचीही मीच," त्या म्हणाल्या. "यात वेगवेगळं काय काय मिळतं?"

"दोन प्रकार. ही ग्लॉसी, चमकणारी. आणि ही मॅट. हिची चमक मवाळ, पण बोटांचे ठसे, बारीक चरे लवकर दिसत नाहीत. नव्या हाताला ही सोयीची."

"मग मॅटच."

डॉक्टरांनी दोन्ही नमुन्यांवरून बोटं फिरवली. मॅटवर ती थांबली. "खडूसारखी लागते," ते म्हणाले. "चालेल. तुला सोयीची ती घे."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. आवाज खाली आणून विचारलं, "तुम्हाला हिचं अजून किती दिसतं?"

"मधे नुसतं धुकं. मान वाकडी केली की कडेने आकार दिसतो. रंग आता कळत नाही." त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली. "बॉनेटवर दिवा चमकतो, ती चमक तेवढी कळते."

बाईंनी मॅटचा नमुना उचलला आणि मालकीणबाईंच्या हातात परत दिला.

"चमकणारीच लावा," त्या म्हणाल्या.

त्या लोकांनी मला धुतलं, घासलं, ओल्या अंगावर फिल्म पसरली आणि रबरी पट्टीने पाणी निपटून काढलं. कडा आत वळवून गरम हवेने बसवल्या. खरं सांगू? मला थोडं वाईट वाटलं. वारा आता थेट माझ्या रंगाला भिडणार नव्हता.

नवी बॅटरी आली, टायर आले, आणि बाई माझ्या स्टिअरिंगपाशी बसल्या. पहिल्याच दिवशी तीनदा बंद पाडलं मला. पुढे बाजारातल्या अरुंद गल्लीत त्यांनी मला एका भिंतीला चांगलंच घासलं. आवाज डॉक्टरांनाही ऐकू आला. बाईंनी ब्रेक दाबला आणि डॉक्टरांकडे पाहिलं.

"चल ना पुढे," डॉक्टर म्हणाले. "मागचे हॉर्न वाजवतायत."

बाई इतक्या हसल्या की त्यांना गिअर सापडेना.

आता सुट्टीच्या पहाटे आम्ही पुन्हा डोंगराला जातो. बाई वळणं वेगळी घेतात, आधी सगळा हिशोब करून, गणित सोडवल्यासारखी. चांगलं चालवतात. पण मित्रांनो, मला त्या जुन्या हातांची आठवण येते, आणि ती जाणार नाही. सरळ रस्ता आला की डॉक्टर काच खाली करतात आणि बाहेर हात काढून माझ्या दारावर तळवा टेकवतात. मधे फिल्म असते. तरी मला ऊब कळते.

तुमच्या वस्तू जरूर जपा, मित्रांनो. पुसा, झाका, हवं तर फिल्म लावा. पण कशासाठी जपतोय हे स्वतःला विचारत जा. आणि कधी एखादा चरा पडलाच, तर आधी गाडीकडे धावू नका. आत कोण बसलंय, त्यांच्याकडे बघा.